प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजातून पास किती होतात, हे कोणी विचारते का?

घाटंजीकर:
लहान भावाची सीईटी झाली, कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचा आहे. इकडच्या एका प्रायव्हेट कॉलेजचे लोक घरी येऊन गेले, म्हणे फी सगळी स्कॉलरशिपमध्ये बसते, बस फ्री, प्लेसमेंट पक्की. आमच्या गल्लीतला एक पोरगा तिथलाच, बॅकलॉग राहून ईयर डाऊन झाला अन् आता बापासंगं जिनिंगवर जाते. मी एवढंच विचारलं की चार वर्षांआधी किती पोरं घेतली अन् त्यातली किती डिग्री घेऊन निघाली, तर प्लेसमेंटचा बॅनर दाखवून रायले. हा आकडा सांगायची काही सक्ती आहे का? अर्धे पोरं गळत असतील तर कॉलेजला जाब कोण विचारणार?

आर्णी_रोड:
कॉलेजच्या साईटवर एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगची, पीडीएफ शोध. ही रँकिंग 2016 पासून निघते, भाग घेणाऱ्या कॉलेजला भरलेली माहिती साईटवर टाकावी लागते. त्यात तक्ता असते: फर्स्ट इयरला ॲडमिशन किती, डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयरला आलेले किती, ठरलेल्या वेळेत पास किती, नोकरी कितींना. टक्का काढताना पहिल्या दोन आकड्यांची बेरीज घे, नाहीतर तो फुगलेला दिसते. बॅनरवर एका पोराचं हायेस्ट पॅकेज असते, इथं मधल्या पोराचा पगार दिसते.

पांढरकवडा_मास्तर:
मी अशाच एका कॉलेजात शिकवत होतो. एकच सर तीन-तीन विषय घेते, पगार महिनोन् महिने लटकते, मंग चांगला माणूस टिकन कसा? तपासणीची कमिटी येणार म्हटलं की दुसऱ्या ब्रँचच्या मशिनी उचलून आमच्या लॅबमंदी आणून ठेवत अन् त्याईवर नवे स्टिकर लावत. पोट्टे नापास काऊन होतात म्हणता, मॅथ्सले अर्धं सेमिस्टर शिकवाले कोणी नव्हतंच. अन् पोरगा सोडून चालला तर ओरिजिनल टीसी-मार्कशीट अडवतात, तसं करता येत नाही बाप्पा, यूजीसीचा नियम आहे, भांडून घ्या.

काळी_माती:
1983 ला वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजं सुरू करू दिली तेव्हापासून हे चालू आहे. कागदावर शिक्षणात नफा कमवायला बंदी, सुप्रीम कोर्टानं 2002 च्या टीएमए पै निकालात वाजवी शिल्लक ठेवायला तेवढी मुभा दिली. शुल्क नियामक प्राधिकरण खर्चाचा हिशोब बघून फी ठरवते, पण आमच्या पोरांची फी सरकारी तिजोरीतून जाते तर पास किती झाले हेही त्या फीशी जोडलंच पाहिजे. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानं कॉलेजला हा आकडा जाहीर करावा लागते, चार वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं धरून. तरी तिथली कॉरिंथियन नावाची नफ्यावर चालणारी मोठी साखळी 2015 ला बुडाली अन् 2022 मध्ये सरकारला 5.8 अब्ज डॉलरचं विद्यार्थी कर्ज माफ करावं लागलं. म्हणजे नुसतं जाहीर करून भागत नाही, पैसा थांबला पाहिजे.

वणी_लाईन:
पटते, पण टक्क्यावर पैसा ठेवला तर इंटर्नल मार्क वाटतील अन् मराठी मीडियमची, गणितात कच्ची पोरं दारातच उभी करणार नाहीत. म्हणून फक्त विद्यापीठाच्या पेपरचा रिझल्ट धरा, अन् मधातच सोडून गेलेला पोरगाही हिशोबात ठेवा.

आर्णी_रोड:
पीडीएफ नाही भेटली तर अमरावती विद्यापीठात माहिती अधिकाराचा अर्ज टाक, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागते. मागच्या बॅचेसचे ब्रँचप्रमाणे ॲडमिशन अन् फायनल इयर पासचे आकडे माग. उत्तराला 30 दिवस, तोवर तुझा फॉर्म बंद होईल, पण गावातल्या पुढच्या पोरांले कामी येईल.

घाटंजीकर:
पीडीएफ सापडली नाही भाऊ. अर्जाचा नमुना असेल तर टाका इथं, मी उद्याच भरतो.