बाबांची दुपारी एकची गोळी कधी लागू पडते, कधी अजिबातच नाही

कोथरूडची_लेक: बाबा ७१, पार्किन्सन्सला ७ वर्षं झाली, सिंडोपा ११० ची गोळी दिवसातून चारदा. सकाळी ७ ची घेतली की पाऊण तासात एकदम फ्रेश, शर्टाची बटणं स्वतः लावतात, खाली कट्ट्यावर पेपर वाचून येतात. दुपारी १ ची मात्र लॉटरी. काल बाथरूमच्या उंबऱ्यात पाय असे चिकटले की दहा मिनिटं हलेनात, आई म्हणते मघाशी तर चालत होतात, मुद्दाम करताय का, मग ते चिडतात नि ती रडते. आणि संध्याकाळी कधीकधी मान-खांदे आपोआप डुलत राहतात. डोस वाढवू का? अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे.

पर्वती_पायथा: मुद्दाम अजिबात नाही, आईंना आधी हे सांगा. याला ऑन-ऑफ म्हणतात. सिंडोपातलं मुख्य औषध म्हणजे लेव्होडोपा, ती रक्तात फार टिकत नाही, दीडेक तासात निम्मी संपते, सुरुवातीला मेंदू साठवून पुरवून वापरतो पण काही वर्षांनी ती साठवणच आटते, मग गोळी चढेल-उतरेल तसा माणूस. डुलणं बहुतेक डोस चढल्यावरचं, त्यामुळे मनाने वाढवू नका, बंद तर मुळीच नको. एकची कशाबरोबर घेतात?

कोथरूडची_लेक: जेवतानाच. वरण, मटकीची उसळ, वाटीभर दही. सकाळची नुसत्या पाण्याबरोबर.

पर्वती_पायथा: मग तिथेच घोळ असणार! प्रोटीन आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत शिरतात, आतड्यातही नि मेंदूतही, गर्दीत गोळी मागे राहते. आमच्याकडे जेवणाआधी अर्धा तास गोळी, उसळ-पनीर रात्री. पोट साफ नसेल तरी उशिरा लागते हं.

सिंहगडरोड_काका: खाजकुहिलीचं चूर्ण द्या की, नॅचरल आहे.

डेक्कन८२: काका, खाजकुहिलीत लेव्होडोपाच असतं, म्हणजे गोळीवर गोळी, आणि चमच्यात किती गेली कुणाला कळणार? डॉक्टरांना न विचारता नको. ताई, तुम्ही कालनिर्णयच्या चौकोनात वेळा लिहा, ऑन असेल तर बरोबरची खूण, ऑफला फुली, डुलले तर नागमोडी रेघ, शिवाय मोबाईलवर व्हिडिओ, कारण डॉक्टरांसमोर ही मंडळी नेमकी ठणठणीत असतात. आमच्या सासऱ्यांचं ते बघूनच डोस लहान करून जास्त वेळा दिला, सोबत एन्टाकापोन, म्हणजे लेव्होडोपा जास्त वेळ टिकवणारी गोळी. त्याने लघवी केशरी होते हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही रात्री १२ ला रिक्षा शोधत होतो.

कोथरूडची_लेक: आईला सगळं वाचून दाखवलं, गप्प बसून ऐकलं तिने. दही रात्री म्हटल्यावर बाबा रुसलेत, दुपारी निदान ताक तरी चालेल का विचारतायत.