लायब्ररीची मालकी अनोळखी माणसाकडं द्यावी का?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, सल्ला पाहिजे. 'सोडून दे ना भाऊ' असला नको, तो घरातही मिळतो.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र वाचून एकर-गुंठ्यात करून देणारी एक छोटी पायथन लायब्ररी (दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये बसवता येणारा तयार कोड) मी चालवतो. ०.८१.०० असं हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये आलं की २ एकर सांगायचं, देवनागरी आकडे ओळखायचे, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) लागवडीच्या क्षेत्रात मिसळू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. आमच्या अण्णांना हेक्टर कधी उमगलाच नाही, म्हणून लिहिली होती. एमआयटी लायसन्स (कुणीही फुकट वापरा असा परवाना) लावून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर ठेवली, पायपीआयवर, म्हणजे पायथनची पॅकेजं उतरवतात तिथं चढवली. पुढं ती कुणाकुणाच्या घरात शिरली ते मलाही ठाऊक नाही.

जुलै लागला, पीकविम्याची मुदत जवळ आली की मेल सुरू. एका कंपनीच्या ॲपमध्ये ती आत बसलीय. त्यांचा माणूस प्रत्येक इश्यूवर (तक्रारीच्या नोंदीवर) 'अर्जंट' लिहितो. पैसा नाही, पॅच (दुरुस्तीचा कोड) नाही, साधा नमस्कारही नाही. मी दिवसा नोकरीत, सुट्टीला गावाकडं सोयाबीनच्या फवारणीत. आता त्यात मन लागत नाही, हे खरं.

अशात एक जण आलाय. नाव इंग्रजी, फोटो नाही, खातं नवं. पॅच पाठवले ते मात्र चांगले होते, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या) लिहिलेल्या होत्या. आता म्हणायलाय, 'तुम्हाला वेळ नाही, मला रिलीजचे (नवं व्हर्जन बाहेर काढायचे) हक्क द्या.' आणखी एक खातं, आधी कधी न दिसलेलं, त्याची री ओढायलंय.

लायसन्समध्ये लिहिलंय की हे जसं आहे तसं, कसलीच हमी नाही. म्हणजे कागदोपत्री मी मोकळा. पण ज्याच्या उताऱ्याचा आकडा त्यातून जातो त्या शेतकऱ्याला ते लायसन्स कोण वाचून दाखवलंय? त्याचं मी काही देणं लागतो का? आणि लागत असेन तर किती?

गोदाकाठचा_लिनक्सवाला (नांदेड)

छदामही देणं लागत नाहीस. फुकटच्या पंगतीत बसायचं आणि वाढप्यावरच ओरडायचं, ही कंपन्यांची जुनी खोड. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या फुकटच्या जावा लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा काय झालं? अर्ध्या जगाचे सर्व्हर त्यावर चाललेले, दुरुस्तीला रात्री जागणारे मोजके स्वयंसेवक, आणि शिव्याही त्यांनाच.

आर्काइव्ह कर (काम थांबवून कोड फक्त वाचायला ठेव), झोप. नाहीतर पैसे तरी माग. झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी फ्लॉस फंड काढलाय, वर्षाला १० लाख डॉलरचा.

मांजराकाठ

दादा, गुंठ्याच्या हिशेबाला डॉलर कोण देतंय!

वैजापूरची (छत्रपती संभाजीनगर)

नांदेडकरांचं अर्धं पटलं. थांबायचा हक्क तुमचा आहेच. हक्क दुसऱ्याला देणं हा मात्र वेगळा मामला, कारण लोकांनी भरवसा तुमच्यावर टाकलाय, त्या नव्या माणसावर नाही. तुम्ही चावी दिली तर तो भरवसा त्यांना न विचारता परस्पर हस्तांतरित होतो. नवं पॅकेज उतरवून घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

एक्सझेडचं आठवा, फाइल दाबून लहान करणारं लिनक्सवरचं साधन. लासे कॉलिन एकटेच तो प्रकल्प सांभाळत होते, थकलेले होते, तसं त्यांनी प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर उघड लिहिलंही होतं. जिया टॅन नावाचं खातं २०२१ पासून चांगले पॅच देत राहिलं, आणि २०२२ मध्ये दुसरी खाती येऊन 'कामाला वेग नाही, नवा मेंटेनर (सांभाळणारा) घ्या' म्हणून मागं लागली. हक्क मिळाले. २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) निघालं. त्यातली खरी मेख म्हणजे ते सुरू करणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोक उतरवतात त्या गठ्ठ्यात) होता. म्हणजे कोड वाचणाऱ्यालाही दिसलं नसतं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकलं म्हणून सापडलं.

म्हणून पॅच त्याला करू द्या, रिलीज तुमच्या हातात ठेवा. खराच कामाचा माणूस असेल तर एवढ्यावरही टिकेल.

मांजराकाठ

हे रिलीजचं मी धरलंच नव्हतं, मला वाटलं कोड वाचला की झालं. बरं, त्याला नाव-गाव विचारू का? टोपणनावानं इमानदारीत काम करणारेही पुष्कळ असतात, उगाच संशय घेतल्यासारखं होईल.

वैजापूरची

विचारून उपयोग काय? जिया टॅन हेही नावच होतं की. काम बघा, आणि घाई कोण करायलंय ते बघा.

गोदाकाठचा_लिनक्सवाला

माझं मत तेच. फार तर कंपनीला अद्दल घडेल असं काहीतरी पुढच्या व्हर्जनमध्ये टाक.

वैजापूरची

अजिबात नको. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या लेखकानं हेच केलं, कंपन्या फुकट वापरतात म्हणून स्वतःच्याच पॅकेजमध्ये न संपणारं लूप घातलं. कंपन्यांनी जुनं व्हर्जन धरून ठेवलं आणि पुढं गेल्या. लहान प्रकल्पवाले मात्र पडद्यावर कचरा बघत बसले.

सेतूवाला (औसा)

मला कोडमधलं काही कळत नाही, भाच्यानं हा धागा पाठवला. आमच्या केंद्रावर त्यानं बनवून दिलेलं जे काही आहे त्यात तुमचंच आहे म्हणे.

गेल्या खरिपात पोटखराबा धरून क्षेत्र येऊ लागलं. तुम्ही दुरुस्त केलं होतं, भाच्यानं नवं टाकलं नव्हतं. एक म्हातारी बाई काउंटरवर उभी, म्हणली, 'एवढं रान माझ्याकडं कुठून आलं?' तिनं धरलं म्हणून वाचलो. तसं ४० गुंठ्यांचा एकर मलाही पाठ आहे, कॅल्क्युलेटर आहे, अडत नाही. पण चुकायलंय हे कुणीतरी सांगायला पाहिजे की नको? त्या गिटहबच्या पानावर इंग्रजीत लिहिलं होतं म्हणे. आम्ही ते पान कशाला उघडतो?

तुमचं काम तुम्ही बंद करा, आमची ना नाही. फक्त जून-जुलैत करू नका. आणि मराठीत लिहा, चार ओळी बस झाल्या.

मांजराकाठ

सेतूवाले भाऊ, तुमच्यासारखं कुणी आजवर बोललंच नव्हतं. मेल सगळे इंजिनिअर लोकांचे.

मग असं करतो. रिलीजचे हक्क कुणालाच देत नाही. हक्क मागणाऱ्या त्या पोराला कळवलंय की पॅच पाठव, वेळ मिळेल तसे बघेन. त्यावर अजून उत्तर नाही. रीडमीच्या (गिटहबच्या पानावरच्या माहितीच्या) अगदी वर मराठीत लिहिलंय: लेखकाला आता वेळ नाही, खरीप विम्याची मुदत उलटेपर्यंत फक्त क्षेत्र चुकवणारे दोष दुरुस्त होतील, त्यानंतर आर्काइव्ह. पोटखराब्याच्या दोषाची व्हर्जनं पायपीआयवर यँक केलीत (वापरू नका अशी खूण लावली), म्हणजे नव्यानं कुणी आपसूक उचलणार नाही.

कंपनीच्या माणसाचा मात्र लगेच मेल आला, 'आर्काइव्ह केलं तर आमचं ॲप बंद पडेल का?' नाही पडणार. पायपीआयवरून काही काढत नाहीये. २०१६ मध्ये लेफ्टपॅड या छोट्या पॅकेजच्या ११ ओळी एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या भांडारातून) काढल्या तर हजारो प्रकल्पांचे बिल्ड (कोड जुळवून प्रोग्रॅम बनवणं) कोसळले होते, तसलं काही करायचं नाही. फोर्क (कोडची प्रत घेऊन स्वतंत्र चालवणं) करायचा असेल तर नव्या नावानं करा, असं त्याला लिहिलंय, आणि पोटखराब्याच्या टेस्ट तेवढ्या सोबत न्या म्हणून सांगितलंय.