मदत हवी आहे: डब्यातली ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत मऊ कशी ठेवायची?

वजन कमी करायला दुपारच्या डब्याचा हिशोब असा बसवलाय: ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी (साधारण २०० कॅलरी), मोठी वाटीभर मटकीची उसळ, काकडी-टोमॅटो, ताक. पोट भरतं, चारला बिस्किटं आठवत नाहीत. अडचण एकच. सकाळी सातला केलेली भाकरी एकला कडक होते, कडेला तडकते. मग कँटीनची पुरी-भाजी घेतली जाते आणि सगळा हिशोब कोलमडतो.

ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकरी फक्त पिठातल्या शिजलेल्या स्टार्चवर बांधली जाते, आणि ती गार झाली की तोच घट्ट होतो. म्हणून उकड काढतेय: एक वाटी पाणी खळखळून उकळायचं, चिमूटभर मीठ, एक वाटी पीठ, गॅस बंद, दहा मिनिटं झाकण, मग गरम असतानाच तळहाताने रगडून मळायचं. पीठ आठवड्याच्या आतलं, म्हणजे विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेली नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी पुसते, भाकरी फुगतेही.

जाणकारांनी सांगा:
उकडीत किसलेला दुधी घातला तर पाणी किती कमी करायचं?
सुती फडक्यात गुंडाळून गरमच डब्यात भरावी, की आधी वाफ जाऊ द्यावी? वाफेने खालची बाजू चिकट होते.
पिठात तेल नको, चमचाभरात ४५ कॅलरी जातात.

आणि कृपया लिंबू-मधाचं पाणी सुचवू नका, त्याने चरबी वितळत नाही. भाकरीचंच सांगा.