मदत हवी आहे : आमच्या एन्ड्युरो गटात माझ्या ब्रँडची गाडी कोणीच का घेत नाही?

चढणवेडा

नमस्कार. मला रविवारच्या आत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून थेट विचारतो. माझ्याकडे एका मोठ्या जपानी कंपनीची २५० सीसीची फोर-स्ट्रोक ऑफ-रोड गाडी आहे. इंजिन ठणठणीत आहे, जोर भरपूर आहे आणि मोटोक्रॉसमध्ये (मातीच्या आखीव ट्रॅकवर उड्या मारत होणाऱ्या शर्यतींत) या कंपनीची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. तरीही एन्ड्युरोला (जंगलातल्या दगडधोंड्यांच्या, चढउताराच्या वाटांवर गाडी चालवायला) जाणाऱ्या आमच्या नऊ जणांच्या गटात या कंपनीची गाडी माझी एकट्याची आहे. सात जणांकडे केटीएम, हुस्कवार्ना किंवा गॅसगॅस आहे आणि एकाकडे बेटा आहे. दगडांच्या चढावर माझी गाडी हमखास बंद पडते आणि प्रत्येक वेळी "ही विकून टाक, आमच्यासारखी घे" एवढेच ऐकावे लागते. का घ्यावी, हे मात्र कोणी सांगत नाही. आता एक जण माझी गाडी घ्यायला तयार आहे आणि त्याला रविवारी उत्तर हवे आहे. काही ब्रँड एन्ड्युरोवाल्यांना नकोसे का असतात? दोष गाडीत असतो की नावात? कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या नावापाशीच अडकेल.

दगडवाट

नाव नका सांगू, पण मॉडेल कोणते आहे ते सांगा. एकच जपानी कंपनी २५० सीसीच्या दोन-तीन वेगवेगळ्या ऑफ-रोड गाड्या विकते आणि त्यांचा स्वभाव एकमेकींशी जुळत नाही. मागचे चाक किती इंची आहे, गिअर किती आहेत आणि गाडीला साइड स्टँड आहे का, एवढे कळले तरी पुरे. त्याशिवाय कोणीही दिलेले उत्तर अंदाजपंचे असेल.

केशरीचाक

मी गेली आठ वर्षे ३०० सीसीची टू-स्ट्रोक केटीएम चालवत आहे आणि माझ्या मते यात विचार करण्यासारखे काही उरलेलेच नाही. बटण दाबून चालू होणारे इंजिन, दिवसभर वापरला तरी बोटे न दुखवणारा हायड्रॉलिक क्लच, सहा गिअर, आणि केटीएमच्या ईएक्ससी या एन्ड्युरो गाड्यांमध्ये मागच्या शॉकखाली लिंकेजच (शॉकला जोडणाऱ्या दांड्या) नसल्यामुळे ओंडक्यावर अडकायला खाली काही लोंबत नाही. हार्ड एन्ड्युरोचे जागतिक विजेतेपद २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे मानुएल लेटेनबिखलर याने केटीएमवर मिळवले. लोक डोळे मिटून एका ब्रँडकडे जात नाहीत, त्यामागे कारण असते. येईल त्या ग्राहकाला गाडी देऊन टाका.

जुनापाना

केशरीचाक यांनी सांगितलेले गुण खरे आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. धागाकर्त्यांच्या गटातल्या सात जणांनी तीन ब्रँड निवडले असे वाटते, प्रत्यक्षात त्या सातही गाड्या एकाच घरच्या आहेत. हुस्कवार्ना २००७ मध्ये बीएमडब्ल्यूकडे गेली, २०१३ मध्ये केटीएमच्या मालकांकडे आली, आणि काही वर्षांनी गॅसगॅसही त्याच छत्राखाली गेली. चेसिसचा मूळ आराखडा आणि इंजिन बव्हंशी समान असते. फरक प्लास्टिकच्या रंगात, काही सुट्या भागांत आणि सस्पेंशनच्या रचनेत असतो.

आता बेटाकडे पाहा. ही इटालियन कंपनी १९०५ पासूनची आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये स्टीव्ह होल्कम आणि २०१९ मध्ये ब्रॅड फ्रीमन यांनी एन्ड्युरोजीपी या जागतिक स्पर्धेचे विजेतेपद बेटावरच मिळवले. सलग तीन वर्षे जगज्जेती ठरलेली गाडी कमी प्रतीची असेल का? तरी तुमच्या गटात ती एकच आहे. केवळ गुणवत्तेवर लोकप्रियता ठरत असती तर हे गणित जुळले नसते.

मी चोवीस वर्षे याच गाड्यांवर काम करत आहे. माणूस ब्रँड सोडतो तो बहुतेक वेळा चढावर नव्हे, तर सुट्या भागाची वाट पाहताना. माझ्या स्वतःच्या एका गाडीच्या (छोट्या कंपनीची होती, नाव घेत नाही) वॉटर पंपाचे सील गेले. तळहातावर मावणारा तो रबराचा तुकडा यायला सात आठवडे लागले आणि त्यात सगळा मोसम निघून गेला. गाडी उत्तम होती, आजही मी ती उत्तमच म्हणेन, पण पुढच्या वेळी मित्राने विचारले तेव्हा मी त्याला ती घ्यायला सांगू शकलो नाही. गटात सात गाड्या एकाच घरच्या असल्या की कोणाच्या तरी पेटीत जास्तीचा क्लच लिव्हर असतो, कोणाला तरी कार्ब्युरेटरचे जेटिंग (पेट्रोल-हवेचे प्रमाण जुळवणे) ठाऊक असते, इंजिनखालची संरक्षक प्लेट आणि रेडिएटरचे गार्ड पाच कंपन्या बनवत असतात. आठवा माणूस तीच गाडी घेतो ती या सगळ्यासाठी.

केशरीचाक

म्हणजे शेवटी तुम्हीही तेच सांगत आहात की तीच गाडी घ्यावी.

जुनापाना

नाही. ती का खपते हे मी सांगत आहे. आणि सुट्या भागांची खात्री कोणालाच कायमची मिळत नसते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द केटीएमला ऑस्ट्रियाच्या न्यायालयात दिवाळखोरीच्या कार्यवाहीसाठी अर्ज करावा लागला आणि काही महिने उत्पादन थांबले, हे विसरून चालणार नाही. उलट जुन्या गॅसगॅसच्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो गाडीचा वारसा रिएजू या स्पॅनिश कंपनीने घेतला आणि तिची एमआर मालिका त्याच आराखड्यावर उभी राहिली, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या मालकांना बरेच सुटे भाग मिळत राहिले.

दगडवाट

ही सगळी माहिती चांगली आहे, पण धागाकर्त्यांची गाडी चढावर बंद का पडते हे त्यातून कळत नाही. चढणवेडा, माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत. मागच्या टायरच्या बाजूचा चिखल पुसा आणि तिथे कोणते आकडे आहेत ते जसेच्या तसे लिहा. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे) दातही मोजा.

चढणवेडा

टायरच्या आकड्यांचा आणि ब्रँडच्या लोकप्रियतेचा संबंध मला कळलेला नाही, पण तुम्ही दोनदा विचारले म्हणून आत्ता जाऊन पाहून आलो. टायरवर १००/९०-१९ असे आहे. पाच गिअर आहेत. पुढे १३ दात, मागे ५०. साइड स्टँड नाही, गाडी झाडाला टेकवून उभी करतो. पुढे दिवा नाही, रेडिएटरला पंखा नाही. सस्पेंशन घेतले तेव्हापासून तसेच आहे. ही ऑफ-रोड गाडी आहे एवढे सांगितले की पुरे, असे मला वाटले होते.

दगडवाट

नेमके इथेच अडले होते. तुमच्याकडे एन्ड्युरोची गाडी नाही, मोटोक्रॉसची गाडी आहे. ती ट्रॅकवर उड्या मारण्यासाठी आणि अर्ध्या तासाच्या शर्यतीसाठी घडवलेली आहे, आणि त्या कामात ती तुमच्या मित्रांच्या गाड्यांना मागे टाकेल. दगडांच्या चढावर मात्र तिचा प्रत्येक गुण तुमच्या आड येतो.

तुमच्या गाडीचे पाच गिअर एकमेकांना चिकटून आहेत आणि पहिला गिअरच उंच आहे, त्यामुळे माणूस चालतो त्या वेगाने चढायचे असेल तर क्लच सतत अर्धवट दाबून धरावा लागतो. त्यात फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरून त्याचा जोर साठवणारे चाक) हलके आहे. मोटोक्रॉसमध्ये इंजिनाने क्षणात फेरे घ्यावेत म्हणून ते तसे ठेवतात. पण मागचे चाक दगडाला आपटून क्षणभर अडले की हलक्या फ्लायव्हीलमध्ये इंजिनाला पुढे ढकलण्याइतका साठा नसतो आणि गाडी खटकन बंद पडते. एन्ड्युरोच्या गाडीत पहिला गिअर खूप खाली, सहावा पुरेसा वर आणि फ्लायव्हील जड असते, म्हणून ती त्याच ठिकाणी गुरगुरत पुढे जाते.

टायर विचारला त्याचे कारण असे. एन्ड्युरोत मागे १८ इंची रिम असते. बाहेरून चाक जवळपास तेवढेच दिसते, पण रिम लहान असल्यामुळे टायरची भिंत उंच मिळते, तिच्यात हवा कमी ठेवता येते, टायर दगडाला कवटाळून पकड घेतो आणि रिमलाही मार बसत नाही. १९ इंचीवर तेवढी हवा कमी केली की रिम दगडावर वाजते. सस्पेंशनचेही तसेच आहे. मोठ्या उडीनंतर बुडाला लागू नये म्हणून ते कडक असते, त्यामुळे मुठीएवढ्या दगडांवरून जाताना ते दबतच नाही आणि पुढचे चाक उडून भलतीकडे जाते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की जपानी ब्रँड एन्ड्युरोत कमी दिसतात ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तर त्यांनी आपले कसब वर्षानुवर्षे मोटोक्रॉससाठी खर्च केले आणि एन्ड्युरोसाठी तयार गाडी सातत्याने दिली नाही म्हणून.

उतारवाट

दगडवाट यांच्या शेवटच्या वाक्याला थोडी पुस्ती जोडते. जपानी कंपन्यांनी काहीच दिले नाही असे म्हणता येणार नाही. यामाहाची डब्ल्यूआर मालिका आहे, आणि २०१५ ची वायझेड२५०एफएक्स तर सहा गिअर, इलेक्ट्रिक स्टार्ट आणि १८ इंची मागचे चाक घेऊनच आली. होंडाने २०१७ मध्ये सीआरएफ४५०आरएक्स आणली, तिला १८ इंची चाक, मोठी टाकी आणि साइड स्टँड होता, पण गिअर पाचच राहिले. सुझुकीची डीआर-झेड४०० ही २००० सालापासूनची टिकाऊ गाडी आहे, मात्र अवघड चढावर तिचे वजन फार जाणवते.

नोंदणीचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागतिक दर्जाच्या एन्ड्युरो स्पर्धांत एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सार्वजनिक रस्त्याने जावे लागते, म्हणून गाडीला दिवे आणि नंबरप्लेट लागते. युरोपातल्या कंपन्या पहिल्यापासून रस्त्यासाठी मान्यता मिळालेल्या एन्ड्युरो गाड्या विकत आल्या. रस्त्यावर आणताच येत नाही अशी गाडी कितीही चांगली असली तरी अशा स्पर्धकाच्या यादीत ती येणारच नाही. चढणवेडा, तुमच्या गाडीला नंबर आहे का? आणि तुमचा गट रस्त्याने जातो की गाड्या वाहून नेतो?

चढणवेडा

नंबर नाही. आम्ही सगळे गाड्या ट्रेलरवर टाकून नेतो, त्यामुळे माझे त्यावाचून अडत नाही.

विजेरी

सगळेजण पेट्रोलच्याच गाड्यांबद्दल बोलत आहात, म्हणून सांगावेसे वाटते की क्लच, गिअर आणि फ्लायव्हील या तिन्हींची कटकटच नको असेल तर विजेवरची गाडी पाहावी. स्टार्क कंपनीने वार्ग या आपल्या विजेवरच्या गाडीची ईएक्स ही एन्ड्युरोसाठीची आवृत्ती काढली आहे. तिच्यात गाडी बंद पडणे हा प्रकारच उरत नाही.

उतारवाट

विजेरी, तुमचे म्हणणे योग्य असले तरी धागाकर्त्यांनी नवी गाडी सुचवायला सांगितलेले नाही, आहे ती ठेवावी की विकावी हे विचारले आहे. शिवाय दिवसभराच्या जंगलवाटेवर चार्जिंगची सोय कुठून आणायची, हा प्रश्न राहतोच.

नव्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांना एन्ड्युरोवाले लवकर जवळ करत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. २००८ मध्ये बीएमडब्ल्यूने जी४५०एक्स आणली, तेव्हा चेन सैल-घट्ट होऊ नये म्हणून पुढचे स्प्रॉकेट आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वरखाली हलणारा भाग) एकाच आसावर बसवले. कल्पना अत्यंत बुद्धिमान होती, पण त्यामुळे पुढचे स्प्रॉकेट बदलायला स्विंगआर्म सोडवावा लागे आणि एन्ड्युरोवाला तर चढ पाहून स्प्रॉकेट बदलणारा माणूस. अप्रिलियाची आरएक्सव्ही हलक्या एन्ड्युरो गाडीत व्ही-ट्विन इंजिन घेऊन आली. तिचा जोर लोकांना आवडला, पण वारंवार करावी लागणारी देखभाल परवडली नाही. कॅननडेल या सायकल कंपनीने तर इंजिनाचे हेडच उलटे फिरवून, फ्युएल इंजेक्शन लावून गाडी काढली आणि २००३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या गाड्या घेणाऱ्यांच्या हाती सुट्या भागांची चणचण तेवढी उरली.

केशरीचाक

मोटोक्रॉसची गाडी आहे हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे माझा सल्ला घाईचा झाला हे मान्य करतो. तरीही चाक, फ्लायव्हील, पंखा, टाकी, सस्पेंशन असे एकेक बदलत बसण्यापेक्षा मुळातच तयार गाडी घेणे मला अजूनही शहाणपणाचे वाटते. बदललेली मोटोक्रॉस गाडी पुढे विकायला गेले की मोटोक्रॉसवाला ती घेत नाही आणि एन्ड्युरोवालाही घेत नाही.

जुनापाना

हा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच सगळे एकदम बदलू नये. चढणवेडा, आधी फक्त पुढचे स्प्रॉकेट १२ दातांचे लावून पाहा. सध्या तुमचे प्रमाण ३.८५ आहे, ते ४.१७ होईल, म्हणजे गाडी प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ८ टक्के खाली उतरेल. एवढाच बदल मागे करायचा तर ५४ दातांचे स्प्रॉकेट लागेल आणि ते दगडावर आपटण्याची शक्यता वाढेल. मात्र १२ दातांवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरचा रबरी स्लायडर लवकर झिजतो, तेव्हा दर फेरीनंतर त्यावर बोट फिरवून खाच पडली आहे का ते पाहत जा. शॉकचे आणि पुढच्या फोर्कचे कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) चार-चार क्लिक सैल करा, आधी किती होते ते कागदावर लिहून ठेवा. याला खर्च जवळजवळ नाही आणि गाडी विकायची ठरली तर तासाभरात सारे पूर्ववत होते.

चढणवेडा

शनिवारी फिरून आलो. १२ दातांचे स्प्रॉकेट लावले आणि क्लिक सांगितल्याप्रमाणे सैल केले. ज्या चढावर मागच्या वेळी पाच वेळा बंद पडली होती तिथे या वेळी दोनदा पडली, आणि दुसऱ्या वेळी चूक माझीच होती, पाय टेकवण्याच्या नादात क्लच सुटला. पुढचे चाक आता दगडावरून उडत नाही. वरपर्यंत पोहोचलो तेव्हा रेडिएटरच्या नळीतून वाफ येत होती, म्हणजे पंख्याचे काम राहिलेच आहे. ग्राहकाला नाही म्हणून कळवले आहे. मोसम संपेपर्यंत गाडी ठेवतो आणि मग मुळातच एन्ड्युरोसाठी केलेली गाडी शोधतो, तिचा रंग कोणताही असो. आता फ्लायव्हीलला वजन लावायचे झाले तर किती लावावे?

दगडवाट

आधी पंखा लावा, वजन नंतर. वजनाचा आकडा तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहे, म्हणून स्टेटरचे (फ्लायव्हीलजवळच्या वीज तयार करणाऱ्या भागाचे) कव्हर उघडून आत किती जागा आहे ते मोजा आणि इथे लिहा. आणि आता मॉडेलचे नावही लिहाच.

चढणवेडा

उद्या कव्हर उघडतो. नाव आणि माप दोन्ही लिहितो.