मदत हवी आहे : पृथ्वीचा भुगा करायचं गणित अडलंय

मंडळी, खानापूरहून लिहितोय. पीयूसी सेकंड इयरच्या (म्हणजे बारावीच्या) भाच्यानं विचारलं, "मामा, पृथ्वी पार फोडायला ऊर्जा किती लागेल?" नुसते तुकडे करून भागत नाही, गुरुत्वाकर्षणानं ते परत गोळा होणार. कण न् कण कायमचा लांब न्यायला हवा.

घनता सगळीकडे सारखी धरून ३/५ × जीएम²/आर लावलं (जी म्हणजे गुरुत्वस्थिरांक, एम पृथ्वीचं वस्तुमान, आर तिची त्रिज्या). आलं सुमारे २.२४ × १०³² ज्यूल. म्हणजे सूर्याची सगळीच्या सगळी ऊर्जा जवळजवळ आठवडाभर! भाचा खूश. पण खरा आकडा २.४९ × १०³² च्या आसपास आहे. गाभा लोखंडाचा, वस्तुमान मध्याकडे दाटलेलं, म्हणून बांधणी जास्त घट्ट; इथवर समजलं.

पुढे गाडी अडली. गाभा आणि प्रावरण (गाभ्याभोवतीचा जाड थर, मँटल) असे दोनच थर धरले तर २.४९ च्या जवळ पोचता येतं का? वरचं कवच सोडलं तर चालेल ना? प्रावरणाचं संकलन (इंटिग्रेशन) करताना आतल्या गाभ्याचं वस्तुमान धरायला मी दरवेळी चुकतो. (कॉलेज सोडून पंचवीस वर्षं झाली, हसू नका.) कुणी पायरीपायरीनं मांडून द्याल का? अर्धा किलो कुंद्याची पैज लागलीय, रविवारपर्यंत हवं.