'जनजागृती', 'प्रबोधन' की 'आरोग्यशिक्षण'?

प्रश्न

शाळेतली मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी चार सत्रांचा आराखडा करते आहे. विषय साधे: हात धुणं, जुलाब झाल्यावर घरी काय करायचं, वगैरे. नमुन्यात पहिल्याच ओळीत 'कार्यक्रमाचा प्रकार' विचारलाय. मी 'आरोग्यविषयक जनजागृती' लिहिलं. एक सहकारी म्हणतो 'आरोग्यशिक्षण' लिही, दुसरीला 'प्रबोधन' भारदस्त वाटतं. तिन्हींचा अर्थ एकच ना? त्याखाली ध्येय, उद्दिष्ट आणि हेतू असे तीन रकाने आहेत. तिथे एकच वाक्य तीन वेळा फिरवून लिहिलंय, हे कबूल करते.

प्रतिसाद १

एकच नाही. 'जागृती' म्हटलं की समोरचा झोपलाय हे गृहीत धरलं. 'प्रबोधन'ही त्याच घरातलं, 'बुध्' म्हणजे जागं होणं, कळणं. त्याचा आवाका मात्र मोठा. युरोपातल्या रेनेसाँला इतिहासाच्या पुस्तकांत आपण 'प्रबोधन' म्हणतो. चार सत्रांना तो फेटा जड होईल.

'शिक्षण'ची गंमत वेगळी आहे. 'शिक्ष्' हा धातू 'शक्' पासून आलेला, इच्छार्थक. म्हणजे मुळात 'शकण्याची इच्छा', आपल्याला जमावं असं वाटणं. माहिती देणं हा अर्थ त्यात कुठेच नाही. (त्याच धातूतून आलेल्या 'शिक्षे'चं आपण काय केलं ते सोडा.) जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या ओटावा सनदेत आरोग्यसंवर्धनाची व्याख्या आहे, तिचा आशय असा: लोकांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवायला आणि ते सुधारायला सक्षम करण्याची प्रक्रिया. 'सक्षम करणे' हाच तिचा कणा. आपल्या शब्दात तो 'शक्' आधीपासून बसलेला आहे. म्हणून माझं मत 'आरोग्यशिक्षण'ला.

प्रतिसाद २

'जागृती'ची एवढीही हेटाळणी नको. नवा आजार आलाय, तपासणीची तारीख ठरलीय, लसीकरणाचं वेळापत्रक बदललंय, अशा वेळी बातमी पोचणं हेच काम असतं आणि तिथे 'जनजागृती' चपखल बसतो. घोळ होतो तो माहिती असूनही लोक करत नाहीत तिथे. 1950 च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीची एक्स-रे गाडी दारापर्यंत जायची, तीही फुकट, तरी बरेच लोक फिरकायचे नाहीत. हे का, याचा शोध घेता घेता 'आरोग्यश्रद्धा प्रारूप' उभं राहिलं. आपल्याला हा आजार होऊ शकतो असं वाटतं का, तो गंभीर वाटतो का, तपासणीचा फायदा आणि त्यातली अडचण यांत जड काय, असे प्रश्न त्यात आहेत. झोपेचा संबंध नाही. माणसं टक्क जागी होती.

प्रतिसाद ३

मी वर्गात शिकवते, म्हणून शब्दापेक्षा रकान्यांबद्दल.

'ध्येय' म्हणजे ध्यानात धरायचं ते. ते लांब असलं तरी चालतं. 'हेतू' म्हणजे कारण, हे का करतोय. 'उद्दिष्ट' मात्र 'दिश्' वरून, ज्याच्याकडे बोट दाखवलंय ते. बोट दाखवता येत नसेल तर ते उद्दिष्ट नव्हे. 'मुलांना स्वच्छतेचं महत्त्व समजेल' हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं पाठटाचणात लिहीत आले. समजलं हे दिसणार कुठे? बी.एड.ला उद्दिष्टाखाली 'स्पष्टीकरणे' लिहायला लावायचे ते यासाठीच: सांगतो, ओळखतो, फरक स्पष्ट करतो, करून दाखवतो. क्रियापद असं हवं की मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकालाही दिसेल.

एकदा पाचवीच्या वर्गात विचारलं, हात कधी धुवायचे? सगळ्या वर्गानं सुरात उत्तर दिलं, जेवणापूर्वी आणि शौचानंतर. शंभर टक्के! मग दोन्ही हातांना रंगीत खडूची पूड चोळायला लावली आणि धुऊन या म्हटलं. परत आले तेव्हा तळवे लख्ख, पण अंगठ्याची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा निळ्याच. वीस सेकंद चोळायचं हे त्यांना पाठ होतं, पण वीस सेकंद केवढे असतात हे हाताला माहीत नव्हतं. आणि दोघं न धुताच परतले. साबण कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर!

प्रतिसाद ४

किल्लीवरून आठवलं. आरोग्यशिक्षणाच्या नियोजनात लॉरेन्स ग्रीन यांची एक चौकट वापरतात. वागणं ठरवणारे घटक तीन प्रकारचे, त्यांचे मराठी प्रतिशब्द 'प्रवृत्तिकारक, सामर्थ्यदायक, दृढीकारक' असे दात पाडणारे वाचलेत. मी प्रशिक्षणात म्हणतो: करावंसं वाटणं, करता येणं, करत राहणं. आपले बहुतेक तक्ते आणि भाषणं पहिल्यावरच संपतात. कपाटातला साबण दुसऱ्यात येतो. घरी मोठी माणसं हात धुताना दिसतात का, हे तिसऱ्यात. वरच्या ताईंच्या वर्गात पहिलं पुरेपूर होतं, दुसरं कुलूपबंद.

मूळ प्रश्नकर्ती

पटलं. मग पालकांच्या सत्राचं उद्दिष्ट असं चालेल का: 'सत्राच्या शेवटी प्रत्येक पालक जलसंजीवनी योग्य प्रमाणात तयार करून दाखवेल (1 लिटर स्वच्छ पाणी, 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ).' आणि कार्यक्रम कोणासाठी, तिथे 'समुदाय' हा जड शब्द येतो, त्याचं काय करू? 'समाज' लिहिलं तर लोक जातीचा अर्थ घेतात.

प्रतिसाद ३

वाक्य छान, पण 'चमचा' उघडा सोडू नका. बोलताना आपण 'चमचाभर' म्हणतो आणि हात शीग लावूनच भरतो. इथे सपाट चमचा हवा, लहान, चहाचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते धोक्याचं, म्हणून 'सपाट' हा शब्द त्या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा. लिटरचंही तसंच: पालक घरी जे भांडं वापरतात तेच आणायला सांगा आणि त्यावर लिटरची खूण करून द्या. बाजारातलं तयार पाकीट मिळत असेल तर ते अधिक चांगलं, फक्त त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घालायचं, हे दाखवा. अर्धं पाकीट अर्ध्या पाण्यात हा उद्योग फार चालतो.

आणि शेवटी 'समजलं का?' विचारू नका. त्याचं उत्तर 'हो' हेच असतं. 'घरी गेल्यावर आजीला कसं सांगाल ते मला सांगा' असं म्हणा. याला इंग्रजीत टीच-बॅक म्हणतात. मी 'परत सांगून घेणं' म्हणते. चुकलं तर 'तुम्ही चुकलात' न म्हणता 'माझं सांगायचं राहिलं' म्हणून पुन्हा दाखवायचं.

प्रतिसाद १

'परत सांगून घेणं' सुरेख. 'प्रतिकथन' करायचा मोह कुणाला होण्याआधी हाच रूढ होवो.

समुदायाबद्दल: कागदावर 'समुदाय' राहू द्या, बोलताना 'वस्ती' किंवा सरळ 'पालक', 'शेजारी' म्हणा. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांना त्यांच्या नावानं हाक मारावी. 'लाभार्थी' मात्र टाळा. अर्थी म्हणजे मागणारा. शकण्याची इच्छा असलेल्याला मागणाऱ्याच्या रांगेत का उभं करायचं?

प्रतिसाद २

अवांतर: 'आरोग्य शिक्षण' असं तोडून लिहिलेलं सगळीकडे दिसतं. समास आहे, जोडूनच हवं.

मूळ प्रश्नकर्ती

जोडून लिहिलं. 'सपाट' खाली रेघ मारली. ध्येयाच्या रकान्यात एकच वाक्य ठेवलं, हेतूच्या रकान्यात मागच्या वर्षी जुलाबामुळे किती मुलं गैरहजर होती ते हजेरीपटावरून काढून लिहिणार आहे. साबणाची किल्ली कोणाकडे असेल याला नमुन्यात जागाच नाही, ते समासात लिहिलंय. दुसऱ्या अर्थाच्या समासात.