‘इक्लीम’ला ‘हवामान’ म्हणावे का?

प्रश्न : अरब इतिहासकार इब्न खल्दूनच्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथातले (१३७७) भूगोलाविषयीचे उतारे गोव्यातल्या वाचकांसाठी मराठीत आणतो आहे. त्यातल्या अरबी ‘इक्लीम’साठी ‘हवामान’ घेतले, तर एका मथळ्यात ‘समशीतोष्ण हवामाने आणि हवामानाचा माणसांच्या रंगावर परिणाम’ असे होऊन बसते. कुठला शब्द बदलू?

उत्तर : ‘इक्लीम’चा बदला. दुसऱ्या जागी मूळ अरबीतच ‘हवा’ आहे, ती तशीच राहू द्या. इक्लीम आला ग्रीक ‘क्लिमा’वरून, अर्थ उतार किंवा कल. हा गणिताचा शब्द आहे. वस्तीयोग्य पृथ्वीचे विषुववृत्ताकडून उत्तरेकडे सात आडवे पट्टे पाडायचे, आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, यावरून पट्टा ठरवायचा. पहिल्याच्या मध्यावर १३ तास, पुढे दर पट्ट्याला अर्धा तास वाढत सातव्याच्या मध्यावर १६. ही मांडणी प्राचीन ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीच्या परंपरेतून अरबांकडे आली. पणजी १५.५ उत्तर अक्षांशावर, इथला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा, म्हणजे गोवा पहिल्या इक्लीमात पडतो.

‘हवा’ ही त्या पट्ट्यात अंगाला लागणारी गोष्ट. ‘इथली हवा मानवत नाही’ म्हणतो, तीच. तिसरा, चौथा आणि पाचवा पट्टा समशीतोष्ण, पहिला आणि सातवा टोकाचे, असे इब्न खल्दून मानतो. काळा रंग नूहच्या (बायबलातल्या नोआच्या) शापामुळे आला, ही समजूत तो खोडतो आणि कारण उष्ण हवेत शोधतो. पुढे स्वभावही त्याच हवेवर बसवतो. ते आज टिकत नाही, पण अनुवादात ते सौम्य करू नये.

शंका : मग ‘कटिबंध’ का नको? शाळेपासून ओळखीचा शब्द आहे.

उत्तर : ओळखीचा आहे म्हणूनच घोटाळा होईल. उष्ण कटिबंधाची हद्द कर्कवृत्तावर संपते, आणि कर्कवृत्त दुसऱ्या इक्लीमाच्या पोटातून जाते. वाचक नकाशा उघडून बसला तर दुसरा इक्लीम अर्धा इकडे, अर्धा तिकडे दिसेल. मी पहिल्या उल्लेखाला ‘इक्लीम, म्हणजे दिवसाच्या लांबीवरून पाडलेला अक्षपट्टा’ असे लिहीन, मग सगळीकडे नुसते ‘इक्लीम’. मागे क्रमांक असेल (तिसरा, चौथा) तिथे इक्लीम. रंग, स्वभाव, आजार यांची गोष्ट असेल तिथे हवा. अन्नाच्या सुबत्तेचा आणि टंचाईचा भाग स्वतंत्र आहे. तिथे ‘हवा’ घुसडू नका, ‘जमिनीचा कस’ म्हणा.

हा भेद राखला नाही तर इब्न खल्दूनचा सर्वांत चांगला मुद्दा हातचा जातो. अरबस्तानाचा बराच भाग पहिल्या-दुसऱ्या इक्लीमात येतो. तरी तो म्हणतो की तीन बाजूंना समुद्र असल्याने तिथल्या हवेत ओलावा येतो आणि उष्णतेची धार कमी होते. म्हणजे इक्लीम एक, हवा वेगळी. दोन्हींना ‘हवामान’ म्हटले तर हे वाक्य स्वतःलाच खोडते.

पुरवणी : याच अनुवादाला प्रवासी इब्न बतूताच्या वर्णनातला ‘संदाबूर’ बेटाचा उतारा जोडणार असाल तर तिथेही एक खड्डा आहे. छत्तीस गावांचे बेट, भोवती ‘खौर’, ओहोटीला पाणी गोड आणि भरतीला खारट, असे तो १४व्या शतकात लिहितो. इंग्रजीवरून आलेल्या मराठीत खौरचे ‘आखात’ होते. मांडवी-झुवारीच्या मधली तीसवाडी ती जागा, असे सामान्यतः मानतात. तिथे ‘खाडी’च हवी. आखाताचे पाणी ओहोटीला गोड होत नाही. खाडीत नदीचा लोट ओहोटीबरोबर खाली येतो म्हणून होते, तेही पावसात नि पावसानंतर. उन्हाळ्यात खारट पाणी कितीतरी आत चढते.

गोव्याच्या वाचकासाठी ‘ओहोटी’ला पहिल्या वेळी ‘सुकती’ची जोड द्या. या गोड-खारट पाण्यावरच इथली खाजने उभी आहेत, म्हणून तळटीप लिहाल तर खाजनला ‘दलदल’ म्हणू नका. ती बांध घालून भरतीपासून राखलेली शेतजमीन आहे. बांधात ‘मानस’ असते : भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की लाकडी दार आपोआप मिटते, सुकतीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. दाराला फट राहिली किंवा उधाणाला बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत भात नीट येत नाही. ‘कोरगुट’सारखे खारेपण सोसणारे वाणच काय ते तग धरते. एका शेतकऱ्याला हा बांध सांभाळणे शक्य नसते, तो गावकरीने, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेने, सांभाळायचा. १५२६च्या फोरालात (सनदेत) पोर्तुगीजांनी गावकरीचे रिवाज लिहून घेतले, ते आधीपासून चालत आलेले होते. भूगोलाने इतिहास घडवला याचा गोव्यातला दाखला द्यायचा तर हाच द्या, रंग-स्वभावाचा नको.

प्रश्नकर्ता : इक्लीम, हवा आणि खाडी, तिन्ही पक्के. इब्न खल्दूनच्या ‘उमरान’ या शब्दाला ‘संस्कृती’ लिहिले होते, तेही बदलून ‘वस्ती’ करतो.

उत्तर : करा. त्या धातूत वसण्याचा, जागा नांदती करण्याचा अर्थ आहे. फक्त ‘वस्ती’ म्हणजे झोपड्यांचा वाडा असे वाटू शकते तिथे ‘नांदती वस्ती’ म्हणा.